न दाखवलेली पाने

२०२२ च्या आषाढातल्या एका रात्री, देवगडजवळच्या आमच्या घराच्या पडवीत बसून, मी ऑनलाइन पोकरमध्ये दश्श्यांची जोडी घेऊन एका अनोळखी माणसाच्या ऑल-इनला कॉल केला आणि तो हात जिंकलो. पुढे ती स्पर्धाही जिंकलो. पहाटे झोपायला गेलो तेव्हा आपल्या अंगात मोठे धैर्य आहे, असे मला मनापासून वाटत होते. तो कॉल चुकीचा होता हे कळायला मला चार दिवस लागले, आणि जिंकलेल्या हातातली ती चूक मनाने मान्य करायला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

ज्यांना पोकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेक्सस होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि ती त्याने एकट्यानेच पाहायची असतात. मध्ये सर्वांसाठी पाच पाने उघडी पडतात, आधी तीन, मग एक, मग शेवटचे एक. त्यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. आपली दोन आणि मधली पाच अशा सात पानांतून ज्याचा पाच पानांचा डाव वरचढ ठरेल, पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्सची रास, त्याची. आपल्या पाळीला कोणीही आपल्याजवळच्या सगळ्या चिप्स एकदम पुढे सरकवू शकतो, आणि तोच ऑल-इन. समोरच्याने तितक्याच चिप्स लावून तो स्वीकारला तर तो कॉल, पाने टाकून हात सोडला तर तो फोल्ड. स्पर्धेत चिप्स संपल्या की माणूस बाहेर पडतो. प्रत्येक हाताआधी दोघांनी पाळीपाळीने भरायची, एकाने लहान आणि एकाने मोठी, अशी ब्लाइंड नावाची सक्तीची रक्कम दर काही मिनिटांनी वाढत जात असल्यामुळे, नुसते हातावर हात ठेवून बसणाऱ्याचा साठाही उन्हातल्या मिठागरासारखा आटत जातो.

त्या रात्री आम्ही नऊ जण होतो. प्रत्येकाने १,००० रुपये भरले होते आणि चालकाचे कमिशन वेगळे होते. जमलेल्या ९,००० रुपयांतून पहिल्याला ४,५००, दुसऱ्याला २,७०० आणि तिसऱ्याला १,८०० रुपये मिळायचे होते. चौघे उरलो होतो, म्हणजे आता एकच जण रिकाम्या हाताने उठणार होता. पोकरमध्ये या टप्प्याला बबल म्हणतात. चौघांजवळही जवळजवळ सारख्याच, ३,३७५ च्या आसपास चिप्स होत्या आणि ब्लाइंड २००-४०० चे होते. पहिल्या पाळीच्या खेळाडूने सगळ्या चिप्स पुढे केल्या. तासाभरात त्याने फारच थोडे हात खेळले होते. माझ्याजवळ बदाम दश्शी आणि किलवर दश्शी. पडद्यावर माझ्या नावाभोवतीचे हिरवे कडे हळूहळू कमी होत होते, पन्हळीतून पडणारे पाणी खालच्या दगडावर आपटत होते, आणि कडे लाल झाले त्या क्षणी मी कॉलचे बटण दाबले. त्याने इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा दाखवला. फ्लॉपवर काही नाही, टर्नवर काही नाही, रिव्हरला चौकटची दुर्री पडली, आणि माझ्या दश्श्या टिकल्या.

जोडीविरुद्ध दोन मोठी पाने आली तर जोडी साधारण १०० पैकी ५५ वेळा टिकते. पन्नासाच्या वर असलो म्हणजे निर्णय बरोबर, असे मी तोपर्यंत समजत होतो, आणि चिप्सचाच हिशेब करायचा असता तर ते बरोबरही होते. परंतु स्पर्धेत आपण चिप्स घरी नेत नाही, बक्षीस नेतो. चौघांजवळ सारख्या चिप्स असताना माझ्या वाट्याची सरासरी किंमत ९,००० चा चौथा हिस्सा, म्हणजे २,२५० रुपये होती. हात जिंकून माझ्या चिप्स दुप्पट झाल्या आणि तिघेच उरलो, की माझी पहिल्या क्रमांकाची शक्यता निम्मी, दुसऱ्याची एक तृतीयांश आणि तिसऱ्याची एक षष्ठांश होते. त्यांची किंमत अनुक्रमे २,२५०, ९०० आणि ३०० रुपये, म्हणजे एकूण ३,४५०. चिप्स दुप्पट झाल्या आणि किंमत मात्र दीडपटीच्या जरा वर गेली. २,२५० रुपये पणाला लावून ३,४५० मिळवायचे, तर मला १०० पैकी किमान ६५ वेळा जिंकायला हवे. मधल्या ब्लाइंडच्या ६०० चिप्स हिशेबात धरल्या तर आकडा थोडा उतरतो, पण साठीच्या वरच राहतो. माझ्याजवळ ५५ होते, आणि तेही समोर एक्का-राजाच आहे असे धरून. इतक्या जपून खेळणाऱ्या माणसाजवळ गुलामांची किंवा राण्यांची जोडी असती, तर मी विसाच्या आसपास असतो. ब्लाइंड बाजूला ठेवून धोपट हिशेब केला तर अशा प्रत्येक कॉलमागे मी सुमारे ३५० रुपये गमावत होतो. त्या रात्री ते गमावलेले दिसले नाहीत एवढेच.

या हिशेबाच्या रीतीला आयसीएम, म्हणजे इंडिपेंडंट चिप मॉडेल म्हणतात. तिचे गणित घोड्यांच्या शर्यतीतून आले आहे. पहिल्या घोड्याची शक्यता ठाऊक असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकांच्या शक्यता कशा काढाव्यात, यावर डेव्हिड हार्विल यांनी १९७३ मध्ये लिहिले, आणि १९८७ मध्ये मेसन माल्मुथ यांनी तोच विचार पोकरच्या स्पर्धांना लावला. मी वहीत हे गणित मांडत होतो तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि तिने मला अधिक हलवले. आम्ही दोघे भिडलो त्यापूर्वी दोघांची मिळून किंमत ४,५०० रुपये होती. भिडल्यानंतर एक बाहेर गेला आणि उरलेल्याची किंमत ३,४५० झाली. मधले १,०५० रुपये कुठे गेले? पाने टाकून स्वस्थ बसलेल्या बाकीच्या दोघांकडे, प्रत्येकी ५२५ रुपये, एकही चिप न लावता. दोघांचे भांडण तिसऱ्याचा लाभ, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. तिची रुपयांत किंमत निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे सगळे ओटीवर बसून समजावून सांगितले. त्यांना पोकर येत नाही; त्यांचे पत्ते म्हणजे मेंढीकोट आणि सात-आठ. परंतु २,२५० आणि ३,४५० हे आकडे ऐकल्यावर त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "तेका परवडता, आपल्याक परवडणा नाय." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून दर वर्षी ऐकतो, कारण दर वर्षी आमच्या बागेचा निर्णय याच वाक्यावर होतो.

आमची हापूसची चाळीस कलमे आहेत. पौषात मोहोर स्थिरावला की व्यापारी बाग पाहायला येतो, झाडांखालून फिरतो, फांद्या वाकवून पाहतो आणि खंडाचा आकडा सांगतो. बाग खंडाने दिली की त्या रकमेवर आपला व्यवहार संपतो. पुढे तुडतुडे येवोत, भुरी पडो, अवकाळी पाऊस होवो किंवा फळ सोन्यासारखे उतरो, ते सगळे व्यापाऱ्याचे. सरासरी काढली तर खंडाचा आकडा बागेच्या उत्पन्नापेक्षा कमीच असतो, हे आबांना ठाऊक आहे आणि व्यापाऱ्यालाही ठाऊक आहे. त्याच्याजवळ विजयदुर्गापासून आचऱ्यापर्यंत बागा आहेत. एक बाग गेली तर त्याचा एक हात गेला. आबांजवळ एकच बाग आहे, तिच्यावर वर्षाचा संसार आहे, आणि ती गेली तर स्पर्धाच संपली. म्हणून तेच झाड, तोच मोहोर, तीच शक्यता असूनही दोघांचे निर्णय वेगळे असतात आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. ठरावीक रकमेची किंमत ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला अधिक वाटते, असे डॅनियल बर्नूली यांनी १७३८ मध्ये गणिताने मांडले होते. आबा ते मोहोराकडे पाहून मांडतात.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेले. त्या वर्षी आबांनी बाग जानेवारीतच खंडाने दिली होती. झाडावर राहिलेला शेवटचा आंबा एका रात्रीत खाली आला. सकाळी आम्ही बागेत गेलो तेव्हा पाय ठेवायला जागा नव्हती, आणि कच्च्या कैऱ्यांच्या चिकाचा वास ओल्या मातीत मिसळून राहिला होता. गावात जो भेटेल तो आबांना म्हणू लागला की तुम्ही हुशारी केली, आधीच बाग देऊन मोकळे झालात. आबांनी ती शाबासकी एकदाही घेतली नाही. वादळ येणार हे मला कुठे ठाऊक होते, एवढेच ते म्हणत, आणि नुकसान झालेल्या व्यापाऱ्याकडे स्वतः जाऊन बसून आले. पुढच्या वर्षीच्या आषाढात मी दश्श्यांवर जिंकलो तेव्हा मला हे आठवायला हवे होते. रिव्हरच्या दुर्रीने दिलेली शाबासकी मी चार दिवस खिशात घालून फिरलो.

ऑल-इन करणे आणि दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोन्हींत सगळ्या चिप्स जातात. पण आतून त्या फार वेगळ्या आहेत. जो आधी चिप्स पुढे करतो त्याला जिंकायचे दोन मार्ग असतात: समोरचे सगळे पाने टाकतील, किंवा कोणी कॉल केला तरी आपला डाव वरचढ ठरेल. जो कॉल करतो त्याच्याजवळ यांतला फक्त दुसरा मार्ग उरतो. म्हणूनच साठा दहा मोठ्या ब्लाइंडच्या खाली आला की जाणकार खेळाडू छोट्या-छोट्या बोली लावत नाहीत. सगळे पुढे करायचे किंवा पाने टाकायची, एवढेच ते ठेवतात, आणि कोणत्या जागेवरून कोणत्या पानांवर पुढे करावे याचे तक्ते पाठ करतात. ते तक्ते मीही पाठ केले आहेत. शेवटच्या जागेवरून एक्का-पंजीवर सगळे पुढे करताना मला आता क्षणभरही जड जात नाही. जड जाते ते चांगली पाने हातात असताना टाकणे.

आणि ते जड जाण्याचे खरे कारण गणितात नाही, असे मला अनेक वर्षांनंतर वाटू लागले आहे. पाने टाकली की त्या निर्णयाचा कोणताही पुरावा मागे राहत नाही. कॉल करून हरलो तर निदान कळते. फोल्ड केला की समोरच्याची पाने गड्डीत मिसळतात, ऑनलाइन टेबलावर तर ती पाने नुसती अदृश्य होतात, आणि पुढचा हात वाटला जातो. आपण शहाणपण केले की भिऊन पळालो, हे आपल्याला आयुष्यभर कळत नाही. माणसाला केलेल्या चुकीची शिक्षा सोसते. हे न कळणे सोसत नाही. मी पाहिलेले बहुतेक वाईट कॉल, माझे आणि इतरांचे, लोभातून आलेले नव्हते. ते समोरची पाने पाहायला मिळावीत यासाठी केलेले होते.

पोकरच्या इतिहासात एक फोल्ड मात्र साऱ्या जगाने पाहिला. २००३ मध्ये लास वेगासच्या जागतिक स्पर्धेच्या मुख्य फेरीत ८३९ खेळाडू होते आणि प्रवेशशुल्क १०,००० डॉलर होते. ख्रिस मनीमेकर हा हिशेबनिसाची नोकरी करणारा तरुण ऑनलाइन पात्रता स्पर्धा जिंकून तिथे पोहोचला होता. शेवटी तो आणि सॅम फार्हा हा मुरलेला व्यावसायिक खेळाडू असे दोघेच उरले. एका हातात मध्ये नव्वी, दुर्री, छक्की, अठ्ठी आणि शेवटी तिर्री पडली. फार्हाजवळ राणी आणि नव्वी, म्हणजे टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी होती. मनीमेकरजवळ राजा आणि सत्ती. त्याचा रंगही जुळला नव्हता आणि क्रमही लागला नव्हता. त्याने सगळ्या चिप्स पुढे केल्या. फार्हा बराच वेळ विचार करत राहिला आणि अखेर त्याने पाने टाकली. टेबलाच्या कडेला बसवलेल्या लहान कॅमेऱ्यांमुळे प्रेक्षकांना दोघांचीही पाने दिसत होती, त्यामुळे तो फोल्ड चुकीचा होता हे घरी बसलेल्या प्रत्येकाला दिसले. मनीमेकर ती स्पर्धा आणि २५ लाख डॉलर जिंकला. मी ते दृश्य पुष्कळदा पाहिले आहे, आणि दर वेळी मला फार्हाचीच बाजू घ्यावीशी वाटते. त्याला फक्त आपली दोन पाने दिसत होती. आपल्याला चार दिसतात, आणि चार पाने पाहणाऱ्याने दोन पाने पाहणाऱ्याचा न्याय करू नये.

२०२२ च्या त्या चार दिवसांनंतर मी एक दोनशेपानी वही घातली. प्रत्येक कठीण हाताला एक पान. माझी पाने कोणती होती, समोरचा कोण आणि कसा खेळत होता, किती जण उरले होते, कोणाचा साठा सर्वांत कमी होता, आणि मी जे केले ते का केले, एवढे लिहायचे. सुरुवातीला शेवटी निकालाचा रकाना होता. काही महिन्यांनी वही चाळताना माझ्या लक्षात आले की माझे डोळे आधी त्या रकान्याकडे जातात आणि मग मी कारणे त्याला जुळतील अशी वाचतो. तेव्हापासून निकाल लिहिणे मी बंद केले.

त्या वहीत २०२४ च्या फेब्रुवारीतले एक पान आहे. गुलामांची जोडी. अकरा जण उरले होते, नऊ जणांना बक्षीस होते. दोघांजवळ दोन-तीन ब्लाइंडच राहिले होते, म्हणजे तेच आधी बाहेर जाण्याची दाट शक्यता होती. आणि माझ्या तिप्पट चिप्स असलेल्या एका खेळाडूने सगळे पुढे केले होते. आपल्याला बाहेर काढू शकणाऱ्या एकमेव माणसाशी, दोन मरणोन्मुख साठे टेबलावर असताना भिडायचे नाही, असे मी स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे आणि पाने टाकली आहेत. त्याच्याजवळ काय होते ते मला ठाऊक नाही. त्या पानापाशी आलो की मी आजही थोडा वेळ थांबतो.

पैशांविषयी बोलणेही भाग आहे. मी दर महिन्याला एक ठरावीक रक्कम बाजूला काढत असे आणि ती संपली की महिनाभर खेळत नसे. हा नियम मी एकदाही मोडला नाही, आणि तो मोडलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. टेबलावरच्या ऑल-इनमध्ये जास्तीत जास्त काय जाणार हे आधीच ठरलेले असते. घरातला ऑल-इन, नौकेचा हप्ता किंवा मुलीच्या फीचे पैसे खात्यात भरून केलेला, त्याला तळ नसतो, आणि त्याला कोणतेही गणित लागू पडत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांत कौशल्य किती आणि नशीब किती हा भेद न पाहता, बंद केले. २२ तारखेला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि मी खेळत असे तिथली पैशांची टेबले उठली. मला त्याचे दुःख झाले, आणि ज्या घरांची झोप त्यामुळे परत आली असेल त्यांच्यासमोर ते दुःख मोठे आहे असे मी म्हणणार नाही.

२७ तारखेला गणपती आले. मुंबई-पुण्याची माणसे घरी आली, आणि जागरणाला पत्ते निघाले. पत्ते आमच्या मुलखाला परके नाहीत. सावंतवाडीत दशावतारी गंजिफाची १२० गोल पाने हाताने रंगवण्याची परंपरा आहे. भाच्याने हट्ट धरला की मामाचा खेळ शिकायचा. चिप्सच्या जागी चिंचोके घेतले, नऊ जण बसलो, आणि पहिल्या तासात मला दिसले की हा खेळच होत नाही. चिंचोक्यांना किंमत नसल्यामुळे जो तो प्रत्येक हाताला सगळे पुढे करत होता. मग थोरल्या वहिनीने नियम काढला: शेवटी जे तिघे टिकतील त्यांना सकाळच्या भांड्यांतून सुट्टी, बाकीच्या सहा जणांनी सगळी भांडी घासायची. मोठी टोपे, परात, वड्यांची कढई, सगळी. बोलता बोलता पडवी शांत झाली. वहिनीला ठाऊक नव्हते, पण तिने काढलेला नियम पोकरमधल्या पात्रता स्पर्धेचा होता; तिथे ठरावीक जणांना सारखेच बक्षीस असते आणि त्यामुळे कधीकधी एक्क्यांची जोडीसुद्धा टाकणे बरोबर ठरते. मी हे कोणाला सांगितले नाही.

पहाटे तीनच्या सुमारास चौघे उरले: वहिनी, भाचा, माझी आत्या आणि आबा. आबांजवळ तीन चिंचोके राहिले होते. वहिनीने आपली सगळी रास पुढे ढकलली. आत्याने आणि आबांनी पाने टाकली, आणि सगळे भाच्याकडे पाहू लागले. त्याने आपल्या दोन पानांचे कोपरे पुन्हा एकदा उचलून पाहिले. त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने मान वळवून आबांसमोरचे तीन चिंचोके पाहिले, पुन्हा आपली पाने पाहिली, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. इथे हिरवे कडे नव्हते आणि कोणी त्याला घाईही केली नाही. शेवटी त्याने दोन्ही पाने पालथीच पुढे सरकवली.

"काय होतां रे तुझ्याकडे?" वहिनीने विचारले.

"सांगणार नाही, मामी. तुझ्याकडे काय होतं?"

वहिनीने आपली पाने उलटी न करताच गड्डीत खुपसली. भाच्याने एकदा माझ्याकडे पाहिले. मीही त्याची पाने पाहिली नव्हती. पुढच्या दोन हातांत ब्लाइंडपायी आबांचे चिंचोके संपले. ते उठले, देवापुढच्या समईत तेल घातले, आणि सकाळी किती भांडी घासायची आहेत ते पाहायला मागच्या पडवीकडे गेले. भाच्याने गड्डी गोळा केली आणि पाने पिसायला घेतली.